दिव्यावरची काळी पट्टी

१२ डिसेंबर. आज पुढच्या खोलीची फरशी साफ करायला घेतली आहे. फरशीवर जागोजागी रंगीत चिकटपट्ट्यांच्या फुल्या आहेत. मॉडेलने कुठे उभं राहायचं, कुठपर्यंत चालत यायचं, त्याच्या त्या खुणा. काही ओढल्या की निघतात. काहींना खोबरेल लावून थोडा वेळ थांबावं लागतं आणि मग जुन्या उलथन्याने खरवडावं लागतं. उद्यापासून ही खोली कपड्यांचा होलसेलवाला किरणशेठ, त्याच्या नव्या कॅमेरावाल्याला द्यायची आहे, आणि त्याला फरशी कोरी हवी आहे.

पट्ट्या रेजिनाच्या आहेत. खरवडताना तिची आठवण येणं साहजिक आहे, त्यामुळे मध्येच हात धुऊन लिहायला बसले.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा ही खोली रिकामी झाली. नवरा म्हणाला, पाहुण्यांसाठी पलंग ठेवू. आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. भाईंदर पूर्वेला कपड्यांचे होलसेलवाले पुष्कळ, आणि आता सगळ्यांना मोबाईलवर माल विकायचा असतो. त्यासाठी साड्यांचे, गाऊनचे छोटे व्हिडिओ लागतात, ते काढायला जागा लागते. माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि आतल्या खोलीत कपडे बदलायची सोय आहे. मी खोली तासाच्या बोलीवर द्यायला लागले. बरेच कॅमेरावाले आले आणि गेले. त्यांच्यातली एकटी बाई म्हणजे रेजिना.

ती उत्तनकडच्या पालीची. घर मासेमारीचं, भाऊ अजून बोटीवर जातो. पन्नाशीच्या आतबाहेरची, हाडापेराने मोठी, केस पुरुषासारखे कापलेले. स्कूटरवर पुढे कॅमेऱ्याची बॅग, मागे आडवा बांधलेला ट्रायपॉड. हाताखाली कोणी नाही. दिवे तीच लावायची, कॅमेरा तीच धरायची, घरी जाऊन व्हिडिओची कापाकापीही तीच करायची. तिच्या जेवणाच्या डब्यात बहुतेक सुकी मासळी असे. कपड्यांना वास लागू नये म्हणून ती गॅलरीत दार ओढून घेऊन जेवायची. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी तिने केलेली तडजोड एवढीच.

पहिल्या दिवशी एकोणीस-वीस वर्षांची पोरगी आली होती. रेजिना दारातच म्हणाली, "या मॅडम, बसा." पोरीने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण मॅडम आली म्हणून. रेजिना कामावर असली की मॉडेल ही मॅडम, मग ती कितीही लहान असो. आणि ज्याला सगळा बाजार शेठ म्हणतो तो नुसता किरण. मी एकदा म्हटलं, अगं, निदान त्याच्या तोंडावर तरी शेठ म्हण. ती म्हणाली, "त्याला मान द्यायला गल्ली भरून माणसं हायत. ह्या पोरींना कोण देतं?"

मग तिने जो प्रकार केला तो मला त्या वेळी शुद्ध वेळ घालवणं वाटला. तिने व्हिडिओसाठी आलेला एक गाऊन उचलला, स्वतःच्या जीन्स-टीशर्टवरून डोक्यातून घातला आणि फुलीवर जाऊन उभी राहिली.

"आता मोबाईल काढा मॅडम. माझा व्हिडिओ घ्या."

"तुमचा?"

"माझाच. पायापासून वर या. पोट पण येऊ द्या, लपवू नका. आता मला फिरवा. पण जागेवरून हलायचं न्हाय, काय पायजे ते तोंडानं सांगा."

पोरगी हसत सुटली. "उजवीकडे... नाय, माझ्या उजवीकडे... मान वर... अहो, एवढी नको!" पाच मिनिटांत तिची भीड गेली. रेजिना गाऊन काढत म्हणाली, "हा व्हिडिओ तुमच्याकडेच ठेवा. मी कधी वाकडी वागले तर सगळ्या गावाला दाखवा."

मी नंतर म्हटलं, खरंच कोणी दाखवला तर? ती म्हणाली, "दाखवू दे. आमच्या पालीत माझं पोट कोणी बघायचं ऱ्हायलंय?"

प्रत्येक नव्या मॉडेलबरोबर हे होणारच. किरणशेठ एकदा ते बघून म्हणाला होता, "रेजिनाजी, आपको ही मॉडल ले लेते हैं, मेरा खर्चा बचेगा." ती म्हणाली, "घे. पण मग कॅमेरा तुला धरावा लागेल, आणि तुझा हात थरथरतो."

ती कोणाला हात लावायची नाही. साडीची निरी सुटली, केसाची बट तोंडावर आली, तरी हात मागे बांधून सांगायची. फारच अडलं तर स्वतःच्या खांद्यावर ओढणी टाकून दाखवायची, असं करा म्हणून. मला ते अती वाटे. बाईने बाईचा पदर नीट केला तर काय बिघडतं? एकदा मीच पुढे होऊन एकीचा पदर सारखा करायला गेले तर तिने मला जागच्या जागी थांबवलं. "बाय, आधी विचार."

"अगं, मी बाई आहे."

"बाई हाय म्हणून हात मोकळा सुटला काय?"

मग गॅलरीत जेवताना तिने कारण सांगितलं. पोरवयात ती भावाबरोबर लग्नांच्या शूटिंगला दिवा धरायला जायची. फोटोग्राफर नवरीच्या हनुवटीला दोन बोटं लावून तिचं तोंड फिरवायचा. बाजूला नवरा उभा, सासू उभी, कोणाला काही वाटत नसे. "दिवा माझ्या हातात. मला जवळून दिसायचं. बोटं लागली की पोरी डोळे मिटायच्या. अल्बममध्ये लाज वाटली म्हणून डोळे मिटले असं दिसतं. लाज न्हाय गो ती."

एवढं बोलून तिने डबा बंद केला. पुन्हा तो विषय कधी निघाला नाही.

तिचा दुसरा हट्ट असा, की काय घालायचं, काय नाही, कॅमेरा कुठून असणार, हे सगळं आदल्या दिवशी फोनवर बोलून झालं पाहिजे. एकदा किरणशेठ स्वतः एक पिशवी घेऊन आला. आत एक झिरझिरीत गाऊन.

"एक ही पीस है. पाँच मिनट का काम."

"काल मॅडमला कॉटनचे सांगितलेत. हा यादीत न्हाय."

"तो अभी पूछ लो ना. उसको चलेगा. क्यों, चलेगा ना?"

ती मुलगी नुसती माझ्याकडे बघत राहिली. रेजिनाने पिशवी त्याच्या हातात परत दिली. "कपडा नाकासमोर धरून विचारलंस तर कोण न्हाय म्हणेल किरण? मालक समोर, दिवे लागलेत, रिक्षाचं भाडं देऊन आलीय. तिला घरी चहा पिता पिता न्हाय म्हणता आलं पायजे."

किरणशेठ मला म्हणाला, "भाभी, इसको समझाओ." मी म्हटलं, "मी खोली भाड्याने देते, समज नाही."

इतकी काटेकोर बाई. आणि चूक झाली ती तिच्याच हातून.

माझ्या त्या खोलीत भिंतीला लागून एक जुनं लोखंडी कपाट आहे, दाराला आरसा असलेलं. कॅमेरा चालू असला की त्याच्या तोंडाशी एक लाल दिवा लागतो. तो ठिपका आरशात पडून व्हिडिओत यायचा. रेजिनाने केव्हातरी त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून टाकली आणि विसरून गेली. मीही विसरले. तेव्हापासून कॅमेरा चालू आहे की बंद, हे फक्त त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला कळायचं.

दिवाळीच्या आधीचे दिवस, ऑक्टोबरची उकड. मॉडेल होती मनीषा. तिशीतली, नवरा रिक्षा चालवतो. ती नेहमी सासूला घेऊन यायची. कोणाला सोबत आणायचं ते मॉडेलने ठरवावं, हाही रेजिनाचाच नियम. सासू खुर्चीत बसून मटार सोलायची आणि मधूनच सूचना द्यायची. "मने, पदर जरा खाली घे. दुकानात उठून दिसायला पाहिजे, देवळात नाही." रेजिनाचं आणि तिचं छान जमायचं.

दुपारी वीज गेली. दिवे विझले, पंखा थांबला. रेजिना म्हणाली, "चला, सुट्टी," आणि वारं घ्यायला गॅलरीत गेली. सासू माझ्याबरोबर स्वयंपाकघरात सरबत करत होती. मनीषा खोलीत एकटी राहिली. ब्लाऊज घट्ट होता, घामाने अंगाला चिकटलेला. दार लोटलेलं, आजूबाजूला सगळ्या बायकाच. तिने ब्लाऊज काढला, ओल्या नॅपकिनने अंग पुसलं, पुन्हा घातला. कॅमेरा मात्र बॅटरीवर चालतो. विजेशी त्याचा काही संबंध नाही. तो तिच्याकडे तोंड करून उभा होता आणि चालू होता.

वीज आली नाही. किरणशेठचा माणूस कॅमेऱ्यातलं कार्ड न्यायला येऊन दारात उभा राहिला, व्हिडिओ उद्याच मोबाईलवर टाकायचे म्हणून घाई करत. एरवी रेजिना काढलेलं सगळं मॉडेलला शेजारी बसवून दाखवायची आणि तिने मान हलवल्याशिवाय कार्ड देत नसे. त्या दिवशी लॅपटॉपची बॅटरी संपलेली. तिने कार्ड देऊन टाकलं.

कॅमेऱ्यात दुसरं कार्ड असतं, त्यावर तेच सगळं उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पालीला तिने ते लावून बघितलं आणि तडक माझ्याकडे आली. हेल्मेट काढायचंही भान नव्हतं.

मी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ उपाय सांगितला. "मनीषाला सांगू नकोस. आपण दोघी दुकानात जाऊ, काहीतरी सांगून कार्ड परत आणू, पुसू. तिच्या जिवाला घोर कशाला?"

"ते तिचं हाय."

"अगं, पण पुसलंच तर..."

"पुसायचं की पोलिसात जायचं, ते ती सांगेल. मी कोण परस्पर पुसणार? मी चुकले म्हणून?"

आम्ही मनीषाच्या घरी गेलो. रेजिना बसली नाही. दारातल्या पायपुसण्यावर उभी राहून तिने घडलं ते सांगितलं. काय दिसतंय, किती वेळ दिसतंय, दिवा पट्टीने कसा झाकलेला होता, कार्ड कोणाकडे आहे. माफी मागितली, एकदाच. मनीषा भांडी घासत होती. हातातलं पातेलं तिने खाली ठेवलं नाही.

"कोणी बघितलं?"

"मी. दुकानात कोणी बघितलंय का ते मला म्हाईत न्हाय."

"त्या दिव्यावर पट्टी का लावली होती?"

"आरशात लाल ठिपका यायचा."

"मग आरसा झाकायचा ना!"

कपाट माझं, आरसा माझा. एक जुनी चादर टाकली असती तर भागलं असतं. हे आम्हा दोघींपैकी कोणालाच कधी सुचलं नव्हतं. रेजिना म्हणाली, "व्हय. आरसा झाकायचा होता."

सासू आतून आली ती साडी नेसून, पिन लावतच. "चला दुकानात. माझी सून आहे ती, त्याच्या गाळ्यातला माल नाही."

किरणशेठचं दुकान तेव्हा गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. रेजिनाने हळू आवाजात सांगितलं, आत चल, बोलायचंय. तो काउंटरवरून उठला नाही. काम कसलं आहे ते कळल्यावर म्हणाला, "अरे, इतना क्या? जो फालतू है वो एडिटिंग में निकल जाएगा."

"निघेल न्हाय. आत्ता काढायचं. हिच्यासमोर. कॉम्प्युटरवरून, कार्डावरून, सगळीकडून."

"देखो, शूट मेरा, कार्ड मेरा. कौन बैठा है उधर देखने को? मेरे आदमी भी घरवाले हैं."

रेजिनाने स्कूटरवरून ट्रायपॉड आणि बॅग आत आणली आणि ट्रायपॉड उघडला. साड्यांच्या ढिगाशेजारी तो उभा केला, त्यावर कॅमेरा बसवला आणि नखाने दिव्यावरची काळी पट्टी सोलून काढली. तिने कॅमेरा किरणशेठकडे वळवला.

"शर्ट काढ."

"क्या?"

"अर्धं मिनिट. नंतर एडिटिंगमध्ये निघेल. इथं सगळे घरवालेच हायत."

सासू मोठ्याने म्हणाली, "काढा की शेठ, उकडतंय पण!" एक गिऱ्हाईक बाई फस्सकन हसली.

किरणशेठ लाल झाला. "बंद करो! बंद करो ये कॅमेरा!"

रेजिनाने दोन्ही हात कॅमेऱ्यावरून काढून वर केले. "चालूच केला न्हाय. दिवा बघ, लागलाय का? तू नको म्हणालास, मी थांबले. एवढंच असतं किरण. आता हीपण नको म्हणतेय."

मनीषा पुढे झाली आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "मला नको आहे."

किरणशेठने आतल्या माणसाला हाक मारली. मनीषाने स्वतः त्याच्या मागे उभं राहून सगळं पुसून घेतलं, कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. त्या माणसाने शपथ घेऊन सांगितलं की कार्ड कालपासून उघडलेलंच नाही. खरं असेल. रेजिनाजवळचं दुसरं कार्ड मनीषाने दुकानाच्या पायरीवर दगडाने फोडलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता दोघी काहीतरी बोलतील. मनीषा म्हणाली, "तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं केलंत. पण मी तुमच्यासमोर परत उभी नाय राहणार."

"बरोबर," रेजिना म्हणाली.

सासू तिला रिक्षात बसवून घेऊन गेली. मनीषाने मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत किरणशेठने सगळ्या व्यापाऱ्यांना कळवलं होतं, की ही बाई भर दुकानात तमाशा करते. रेजिनाला कामं यायची थांबली. आणि ती जिथे शूट करते ती खोली म्हणून माझीही. नोव्हेंबर कोरा गेला. मग किरणशेठचा फोन आला. नवा माणूस आहे, रोज लागेल खोली, शर्त एक, "वो औरत नहीं आनी चाहिए." मी हो म्हटलं. मला खोली चालवायची आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रेजिना गेल्या आठवड्यात तिचा दिव्याचा स्टँड न्यायला आली होती. पालीशेजारच्या चौक गावच्या तीन बायका ब्लाऊज शिवतात, त्यांना ते मोबाईलवर विकायचे आहेत. त्यांचं काम तिने घेतलंय, पण मॉडेल मिळत नाही.

"का मिळत नाही?"

"मी पहिल्यांदाच सांगते ना. माझ्या हातून असं झालंय, दिवा झाकलेला होता, एका मॅडमचं नको ते उतरलं. तरी यायचं काय?"

"हे तू प्रत्येकीला सांगतेस?" मी कपाळाला हात लावला. "पट्टी काढलीस, आता दिवा दिसतो, विषय संपला. कशाला आपल्या हाताने धंदा बुडवतेस?"

"न सांगता होकार घेतला, तर आपण कशाला हो म्हणतोय ते तिला कळलं काय? मला ओळखत तरी होती काय?"

मग स्टँड खांद्यावर टाकून तिने विचारलं, "तू उभी ऱ्हाशील?"

"मी? या वयात?"

"ब्लाऊज काय वय बघून घालतात?"

मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. स्टँड स्कूटरला बांधला, दोरीची गाठ दोनदा ओढून बघितली आणि गेली.

१३ डिसेंबर. कालचं लिखाण इथे थांबलं होतं. रात्री ते पुन्हा वाचलं, तेव्हा किरणशेठला दिलेला होकार खटकला. आज सकाळी लवकर उठले. नवऱ्याचा डबा भरला. किरणशेठला फोन लावला, त्याने उचलला नाही. खोलीला कुलूप घातलं, चार साड्या पिशवीत भरल्या आणि उत्तनची बस धरली.

पालीच्या त्या बोळात रेजिनाचं घर शोधावं लागलं नाही. अंगणात कॅमेरा लावलेला होता, तीन शिवणाऱ्या बायका ब्लाऊज मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रेजिना भावाचं जाळं ओढून कुंपणाशी सारत होती. मला बघून तिने कपाळावर आडवा हात धरला.

"काय गो?"

"मॉडेल मिळाली का?"

"न्हाय."

"मग जाळं आणखी जरा सरकव. मला जागा लागते."

समोरच्या पायरीवर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. रेजिना त्याला म्हणाली, "अंकल, घरात जा. काम चालू होतंय."

"पायरी माझी हाय!"

"पायरी तुझी. पण मॅडम तुझ्यासाठी आलेली न्हाय. जा."

तो पुटपुटत आत गेला. रेजिना त्याचं दार लागेपर्यंत तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग परत येऊन कॅमेऱ्यामागे वाकली. तेवढ्यात माझा फोन वाजला. किरणशेठ. त्याचा माणूस दिवे घेऊन माझ्या बंद दारासमोर उभा होता. "भाभी, चाबी किधर है?"

"शेठ, खोली आता मिळायची नाही," मी म्हटलं. "आणि फोन ठेवा. माझं शूट आहे."